लेकराचे वाचन आणि पालकांची अमानत

अस्रनंतरचा मकतब सुटला होता. मुले दप्तरे सावरीत मस्जिदीच्या पायऱ्या उतरत होती आणि एक माता आपल्या लेकराचा हात धरून दाराशी थांबली होती. मुलगा साडेचार वर्षांचा. त्याची 'बिस्मिल्लाह' होऊन दोनच महिने झाले होते. ती म्हणाली, "मौलाना, माझ्या जावेची मुलगी याच्याच वयाची. तिचा नूरानी कायदा निम्मा झाला, वर इंग्रजी अक्षरेही लिहिते. हा अजून 'बा' आणि 'ता' ओळखत नाही. कायदा काढला की रडू लागतो. खाऊ देऊन पाहिला, मारूनही पाहिले. मी याला वाचायला शिकवले नाही, तर कयामतच्या दिवशी अल्लाह मला जाब विचारणार नाही का?"

मी तिला त्या वेळी धीर देऊन परत पाठवले, परंतु नीट उत्तर दिले नाही. त्याचे कारण पुढे सांगणार आहे. तिचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला, कारण तो एकट्या तिचा नाही. आपल्या बहुतेक घरांत आज हा प्रश्न आहे. लहान मुलाला वाचायला शिकवणे हे आईवडिलांचे कर्तव्य आहे काय? असेल तर ते केव्हापासून आणि कोणत्या रीतीने पार पाडावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीतील जीवांविषयी विचारले जाईल. संतती ही आपली मालमत्ता नव्हे, ती अमानत आहे. तिला धर्माचे आवश्यक ज्ञान देणे हे पालकांवर बंधनकारक आहे, यात कोणत्याही विद्वानाचे दुमत नाही. आता उसूल-ए-फिकहचा एक नियम असा आहे की ज्या गोष्टीवाचून वाजिब पूर्ण होत नाही, ती गोष्टही वाजिब ठरते. आजच्या काळात ज्याला वाचता येत नाही, त्याला दीन समजून घेण्यासाठी आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. औषधाच्या बाटलीवरील सूचना, जमिनीचा सातबारा, कर्जाचा कागद, निकाहनाम्यातील अटी, या सर्व ठिकाणी तो परावलंबी राहतो आणि फसवला जातो. म्हणून वाचन हे केवळ भूषण नाही. ते कर्तव्यापर्यंत पोहोचण्याचे साधन आहे आणि ते साधन मुलाच्या हाती देणे ही आपली जबाबदारी आहे.

परंतु याच उसूलच्या ग्रंथांत आणखी एक भेद शिकवला जातो, ज्याकडे आपले दुर्लक्ष होते. काही वाजिब गोष्टींची वेळ अरुंद असते आणि काहींची रुंद. रमजानचा रोजा अरुंद वेळेचा आहे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा सगळा वेळ तो व्यापतो, त्यात दुसऱ्या रोज्याला जागा नाही. जुहरच्या नमाजेची वेळ मात्र रुंद आहे. वेळ सुरू होताच पहिल्या क्षणी नमाज अदा झाली नाही म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही. वाचन शिकवण्याचे कर्तव्य या दुसऱ्या प्रकारचे आहे. मूल वयात येईपर्यंत त्याच्यावर शरीयतचा कोणताही भार नाही. त्या आधीची सर्व वर्षे तयारीची आहेत. मग चार वर्षांच्या मुलाला अक्षर ओळखता आले नाही, तर वेळ निघून गेली असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

येथे कोणी म्हणेल की कुरआनचा पहिला शब्दच 'इक्रा' आहे, म्हणजे वाच. हे खरे आहे, आणि ज्या उम्मतची सुरुवात या शब्दाने झाली तिने वाचनात मागे राहावे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण हा शब्द मुलांवर उगारण्याचा आसूड नव्हे. इसवी सन 610 च्या सुमारास हिराच्या गुहेत हा आदेश आला तेव्हा प्रेषित (स.) यांचे वय चाळीस वर्षांचे होते. ते उम्मी होते, लिहिणे-वाचणे शिकलेले नव्हते, आणि त्यांनी देवदूताला तसेच सांगितले. त्या पहिल्या पाच आयतींत वाचनाबरोबर कलमेचाही उल्लेख आहे, आणि ज्या पालनकर्त्याने मानवाला कलमेद्वारे शिकवले त्याचे गुणवाचक नाव तेथे 'अकरम' असे आले आहे. अकरम म्हणजे अत्यंत उदार. वाचनाच्या पहिल्या पाठात शिकवणाऱ्याची ओळख उदारतेने करून दिलेली आहे.

त्यानंतर काय घडले तेही आपण सर्व जाणतो. प्रेषित (स.) थरथरत्या हृदयाने घरी आले. हजरत खदीजा (रजि.) यांनी त्यांच्यावर चादर घातली, भीती ओसरू दिली आणि त्यांचे सद्गुण सांगून त्यांना धीर दिला. 'तुम्हाला वाचता का आले नाही' असे त्या घरात कोणी विचारले नाही. चाळीस वर्षांच्या, सर्वांत सबळ मनाच्या मानवाला शिकण्याच्या त्या प्रसंगी घराची ऊब लागली. साडेचार वर्षांच्या लेकराला ती लागत नाही काय?

आता मदीनेतील एक प्रसंग पाहा. हिजरी सन 2 मध्ये बद्रचे युद्ध झाले. मक्केच्या कैद्यांपैकी ज्यांच्याकडे सुटकेसाठी देण्यास धन नव्हते, परंतु लिहिता येत होते, त्यांनी अन्सारांच्या मुलांना लेखन शिकवावे आणि तीच त्यांची खंडणी समजावी असे ठरले. शत्रूकडूनही विद्या घ्यावी, ही शिकवण आपण या घटनेतून नेहमी सांगतो. तिचा पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. इमाम अहमद (रह.) यांच्या मुस्नदमध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेल्या याच कथनात आहे की एके दिवशी एक मुलगा रडत आपल्या पित्याकडे आला. पित्याने कारण विचारले. शिक्षकाने मारले, असे त्याने सांगितले. पिता संतापला आणि म्हणाला की हा दुष्ट बद्रचा सूड उगवत आहे, तू पुन्हा त्याच्याकडे जायचे नाही.

या पित्याला विद्येचे मोल ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. त्या समाजात लिहिता येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. शिक्षक विनामूल्य मिळाला होता आणि पुन्हा मिळेल याची शाश्वती नव्हती. तरीही मुलाचे अश्रू आणि अक्षरे यांच्यात निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्याने विद्या थांबवली नाही म्हणून कोणी त्याला दोष दिला असे नव्हे. त्याने त्या शिक्षकाकडून होणारी विद्या थांबवली आणि तरी त्याला दोष दिल्याचे कथनात नाही. मी हा प्रसंग वाचतो तेव्हा मला स्वतःला विचारावेसे वाटते की आपल्या मुलांना मारताना आपण कशाचा सूड उगवीत असतो? जावेच्या मुलीचा? शेजाऱ्याच्या फुशारकीचा? की आपल्याला स्वतःला जे शिकता आले नाही त्याचा?

आता त्या मातेला मी लगेच उत्तर का देऊ शकलो नाही, ते सांगतो. माझी थोरली मुलगी पाच वर्षांची असताना मी तिला घरी कायदा शिकवायला बसलो. इमामाची मुलगी, म्हणून ती मकतबातील सर्व मुलांच्या पुढे असावी, असे माझ्या मनात होते. मी त्याला दीनची कळकळ असे नाव दिले होते. 'बा'खाली एक नुक्ता, 'ता'वर दोन, 'सा'वर तीन. अक्षराचा देह एकच. तिची रोज गल्लत होई आणि रोज माझा आवाज चढे. एका संध्याकाळी मी तिच्या हातावर पट्टी मारली. दुसऱ्या दिवशी कायदा सापडेना. मी विचारले. तिने माझ्या डोळ्यांत पाहून सांगितले, "अब्बा, मला माहीत नाही." दोन दिवसांनी तिच्या अम्मीला तो गोधड्यांच्या घडीत सापडला, स्वच्छ ओढणीत गुंडाळलेला. म्हणजे त्या पुस्तकाचा आदर तिला ठाऊक होता. तिला भीती त्याची नव्हती, माझी होती. अल्लाहच्या ग्रंथाकडे नेण्याच्या नावाखाली मी माझ्या मुलीला खोटे बोलायला शिकवले होते. लबाडी हा तिने माझ्याकडून घेतलेला पहिला पूर्ण धडा होता.

इब्ने खल्दून (रह.) यांनी सहाशे वर्षांपूर्वी आपल्या मुकद्दिमामध्ये हेच लिहून ठेवले आहे. शिकणाऱ्याशी, विशेषतः लहान मुलांशी, कठोरपणे वागल्यास त्यांचा उत्साह मावळतो, त्यांच्यात आळस येतो आणि हाताच्या भीतीने ती मनात एक आणि बाहेर एक असे वागू लागतात. पुढे तीच त्यांची सवय आणि तोच त्यांचा स्वभाव बनतो. मदरशात असताना मी हे वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. घरी पट्टी उचलताना ते आठवले नाही.

इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये मुलांच्या तरबियतीविषयी लिहिताना खेळाची बाजू घेतली आहे, हे अनेकांना आश्चर्यकारक वाटेल. मकतबातून परतल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा, म्हणजे त्याचा शीण जाईल. खेळापासून रोखून सतत अभ्यासास जुंपल्यास त्याचे मन मरते, बुद्धी बोथट होते आणि ते शिक्षणातून सुटण्याच्या युक्त्या शोधू लागते, असा त्यांचा अभिप्राय आहे. प्रेषित (स.) हजरत अनस (रजि.) यांच्या छोट्या भावाला त्याच्या चिमुकल्या पक्ष्याविषयी विचारपूस करीत असत. ज्या महामानवावर संपूर्ण मानवजातीच्या मार्गदर्शनाचा भार होता, त्यांना मुलाच्या पक्ष्यासाठी वेळ होता. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे त्यांची सेवा केली आणि ते सांगतात की त्या काळात त्यांना कधी 'उफ्' असा शब्दही ऐकावा लागला नाही.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. नमाजेबाबत दहाव्या वर्षी कडक होण्याची आज्ञा हदीसमध्ये आहे, मग मुलांना धाक नको कसा? या हदीसचा पूर्वार्ध नीट वाचावा. नमाज सांगण्यास सुरुवात सातव्या वर्षी करायची आहे. सात ते दहा ही तीन वर्षे होतात. रोज पाच नमाजा धरल्या तर पाच हजारांहून अधिक वेळा केवळ सांगायचे आहे, सोबत घ्यायचे आहे. दीनच्या सर्वांत मोठ्या स्तंभासाठी ही सवड आहे. त्यानंतरच्या कडकपणावरही इजा होऊ नये अशा मर्यादा फुकहांनी घातल्या आहेत. मग जी गोष्ट नमाजेच्या पायरीची नाही, तिच्यासाठी सातव्या वर्षाच्याही आधी, पाच हजार तर सोडाच, पाच वेळा सांगून झाल्यावर हात उगारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरा आक्षेप असा की लहानपणीची विद्या ही दगडावरची रेघ असते, म्हणून जितके लवकर तितके बरे. ही म्हण खरी आहे. परंतु दगडावर जे कोरले जाते ते सर्वच टिकते. अक्षर टिकते, तसा अक्षराबरोबरचा अपमानही टिकतो. मकतबातून कुरआन पूर्ण करून गेलेले आणि नंतर आयुष्यात तो न उघडलेले तरुण माझ्या परिचयात आहेत. त्यांना वाचता येते. त्यांना वाचावेसे वाटत नाही. त्यांना शिकवण्यात आपण यशस्वी झालो की अपयशी, याचा विचार प्रत्येक उस्तादाने आणि पालकाने करावा.

याचा अर्थ मुलांना मोकळे सोडून द्यावे असा मुळीच नाही. कर्तव्य रुंद वेळेचे असले तरी ते कर्तव्यच आहे, आणि जुहर लांबवत नेणाऱ्याची नमाज कधी कधी कजाही होते. सात-आठ वर्षांचे मूल कोणतीच लिपी वाचू शकत नाही आणि घरात कोणाला त्याची काळजी नाही, हीसुद्धा अमानतीत खयानत आहे. म्हणून कसे शिकवावे, याविषयी काही गोष्टी अनुभवाने सांगतो.

पहिली गोष्ट, डोळ्यांच्या आधी कान. प्रत्यक्ष कुरआन उम्मतपर्यंत आधी ऐकण्यातून आणि पठणातून पोहोचला, लिखित पाने त्यासोबत होती. मुलाला झोपवताना लहान सूरा ऐकवाव्यात, प्रेषितांच्या गोष्टी सांगाव्यात, त्याच्याशी भरपूर बोलावे. ज्या मुलाच्या कानात शब्दांचा साठा आहे, त्याला अक्षर भेटते तेव्हा ते ओळखीचे वाटते. हजरत लुकमान यांचा उपदेश कुरआनात आला आहे. त्यात ते मुलाला पुनःपुन्हा लाडक्या लेकरा अशा अर्थाच्या शब्दाने संबोधतात. आधी संबोधन, मग शिकवण.

दुसरी गोष्ट लिपींची. आपल्या मुलांवर एकाच वेळी तीन-चार लिपींचा भार पडतो. देवनागरी डावीकडून उजवीकडे, अरबी आणि उर्दू उजवीकडून डावीकडे, त्यात इंग्रजी. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते, पण उच्चार नंतर होतो. अरबीत तोच 'इ' अक्षराखाली जेर देऊन दाखवतात. मूल गोंधळले तर ते मंद नाही, त्याच्यापुढील काम खरोखर अवघड आहे. म्हणून एका लिपीत पाय रोवू द्यावा, मग दुसरी आणावी. घरात जी भाषा बोलली जाते, तिच्यात अर्थ लगेच कळतो आणि वाचनाचा आनंदही लगेच मिळतो. मराठीची बाराखडी शिकणे हे दीनपासून दूर जाणे नव्हे. ज्या मुलाला मात्रा समजली, त्याला जबर-जेर-पेश समजावणे मला नेहमी सोपे गेले आहे. अरबीची अक्षरे या काळात कानाने आणि खेळाने ओळखीची होऊ द्यावीत.

तिसरी गोष्ट, वेळ थोडा आणि रोजचा. दहा मिनिटे पुरेत. मूल हसत असतानाच पुस्तक मिटावे, म्हणजे उद्या ते स्वतः उघडेल.

चौथी गोष्ट, अडखळणाऱ्याचा सन्मान. जो कुरआन अडखळत, कष्टाने वाचतो, त्याला दुहेरी पुण्य आहे, अशी शुभवार्ता बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अल्लाहपाशी ज्याचा दर्जा असा आहे, त्याची आपल्या घरात थट्टा व्हावी काय? मुलांची परस्परांशी तुलना करू नये. एखादे मूल दुसरी-तिसरीत जाऊनही अक्षरे उलटसुलट वाचत असेल, तर आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि वाचनातील अडचणींच्या जाणकारांना दाखवावे. अल्लाह कोणत्याही जीवावर त्याच्या कुवतीपेक्षा अधिक भार टाकत नाही, मग आपण का टाकावा?

पाचवी गोष्ट मुलींची. हजरत शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) यांनी हजरत हफ्सा (रजि.) यांना लेखन शिकवले होते आणि प्रेषित (स.) यांनी त्याचा उल्लेख केला, हे अबू दाऊदच्या संग्रहात आहे. मुलीला नाजिरा वाचता आले की पुरे, असे मानणाऱ्यांनी यावर विचार करावा.

शेवटची गोष्ट वडिलांची. मकतबाच्या दाराशी बहुधा माताच येतात. मुलाने वाचावे असे ज्या पित्याला वाटते, त्याच्या हातात मुलाला मोबाइलच दिसत असेल, तर मूल आपले शब्द ऐकणार नाही, आपला हात पाहील. आणि ज्या मातापित्यांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनी खचू नये. माझ्या अम्मीला अक्षर येत नव्हते. वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागद ती मीठ-मिरची काढून झाल्यावर सरळ करी आणि मला म्हणे, "बघ रे, यात काय लिहिलंय, मला सांग." अर्धी बातमी असे, वाक्य मध्येच फाटलेले असे. पण ती चुलीपुढून मान वळवून इतक्या लक्षपूर्वक ऐके की मला वाटे, जगात माझ्याइतके महत्त्वाचे काम कोणीच करीत नाही. मी पुढे मराठी घेऊन बीए झालो, ते त्या पुडीच्या कागदांवर.

माझ्या मुलीची मी माफी मागितली. बापाने मुलीची माफी मागावी काय, असे काहींना वाटेल. ज्याचा हक्क मारला त्याची माफी मागितल्यावाचून तौबा पूर्ण होत नाही, आणि मुलांचे हक्क वयाने लहान नसतात. त्यानंतर चार महिने आम्ही कायदा उघडला नाही. रात्री मी तिच्याजवळ पडून सूरा म्हणत असे आणि ती ऐकत असे. एके दिवशी तिने स्वतः ती ओढणी सोडून कायदा आणला. 'सा'वर बोट ठेवून तिने तीन नुक्ते मोजले. आज ती नऊ वर्षांची आहे. तिचे वाचन मकतबातील इतर मुलींसारखेच आहे, पुढे नाही आणि मागेही नाही. त्यात मला आता काही उणे वाटत नाही.

त्या मातेला मी पुढच्या जुम्म्यानंतर तिच्या पतीसह बोलावून घेतले आणि सांगितले, "ताई, अल्लाह आपल्याला जरूर विचारील. पण साडेचार वर्षांच्या मुलाला 'ता' येत होता की नाही, हे तो विचारील असे मला कोठेही आढळले नाही. त्या मुलाच्या मनात अल्लाहच्या ग्रंथाविषयी तुम्ही प्रेम ठेवले की भीती, याची तयारी मात्र आपण सर्वांनी करावी." मुलगा वडिलांच्या खांद्यावर झोपला होता. तूर्त कायदा फडताळात ठेवावा आणि रोज रात्री दोघांपैकी एकाने त्याला एक गोष्ट सांगावी, इतकेच ठरले.

अल्लाह आपल्या संततीला उपयुक्त ज्ञान देवो, आणि आपल्याला ते त्यांच्यापर्यंत नम्रतेने पोहोचवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.